घरे, दुकाने, कचेऱ्या एकाच जागेवर: मोठ्या मिश्र वसाहतीचा टिकाऊ आराखडा कसा ठरतो

मिश्र वापराची वसाहत म्हणजे घरे, दुकाने, कचेऱ्या, शाळा, दवाखाना हे सगळे एकाच जमिनीवर, चालत पोचता येईल अशा अंतरात. त्यामुळे प्रवास वाचतो, हे चटकन लक्षात येते. त्याहून मोठा फायदा वेळेचा आहे. सकाळी दहाला कचेरी भरते तेव्हा घरातली बरीच माणसे आणि गाड्या बाहेर पडलेल्या असतात, आणि रात्री घरे भरतात तेव्हा कचेरीत कोणी नसते. म्हणून एकच पार्किंग, एकच पाण्याची यंत्रणा आणि एकच रस्ता दोघांना पुरू शकतो. अशी वसाहत पर्यावरणावर कमी भार टाकते ती मुख्यतः या वाटून वापरण्यामुळे. सौर पॅनेल आणि झाडे महत्त्वाची आहेतच, पण त्यांचा क्रम नंतरचा.

अडचण अशी की ही वाटणी इमारत उभी राहिल्यावर जमवता येत नाही. कॉलममधले अंतर, पाइपांची मापे, बांधकामाचे टप्पे आणि खरेदीखताचा मसुदा यांत ती आधीच बसवावी लागते. मिश्र वसाहती फसतात त्याही बहुधा इथेच, दोन वापर जिथे एकमेकांना भिडतात त्या सांध्यावर.

हिशेब डोळ्यांसमोर यावा म्हणून एक नमुना धरू. जमीन १० हेक्टर, घरे १,५००, रहिवासी सुमारे ५,०००, कचेऱ्या २५,००० चौरस मीटर म्हणजे साधारण २,००० कर्मचारी, दुकाने ६,००० चौरस मीटर, आणि एक शाळा. पुढचे आकडे या नमुन्याचे आहेत. प्रत्यक्षात ते बदलतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

उंची किती हवी?

एका घरामागे जिना, लिफ्ट, व्हरांडा धरून १०० चौरस मीटर बांधकाम लागते असे मानले, तर घरे, कचेऱ्या, दुकाने आणि शाळा मिळून सुमारे १ लाख ९० हजार चौरस मीटर होतात. हे सरासरी सहा मजल्यांत बसवले तर इमारतींखाली जेमतेम ३२,००० चौरस मीटर जमीन जाते, म्हणजे एकूण जमिनीचा तिसरा हिस्सा. उरलेले दोन हिस्से रस्ते, मैदान, झाडे आणि पाणी मुरण्यासाठी मोकळे राहतात. घनता जास्त हवी म्हणून मनोरे उभारलेच पाहिजेत, असे नाही.

उंचीचा थेट परिणाम छतावर होतो. बारा मजली इमारतीत एका घराच्या वाट्याला सुमारे ८ चौरस मीटर छत येते. टाक्या, जिना, लिफ्टची खोली यांत निम्मे जाते. उरलेल्या ४ चौरस मीटरवर, पॅनेलमधले अंतर सोडून, अर्ध्या किलोवॉटचा संच बसतो. भरपूर ऊन असलेल्या प्रदेशात त्यातून वर्षाला ७०० युनिट मिळतात. चार मजली इमारतीत हाच वाटा २५ चौरस मीटर होतो आणि वीज तिप्पट मिळते. त्यामुळे ‘मनोरा पण शून्य ऊर्जेचा’ असा दावा कानावर आला की आधी छत भागिले घरे हे गणित करून पाहावे.

इमारतीची खोली १२ ते १४ मीटरच्या आत ठेवावी. तेवढ्यात प्रत्येक घराला दोन समोरासमोरच्या बाजूंनी खिडक्या देता येतात आणि वारा आरपार जातो. एकाच बाजूला खिडकी असेल तर वारा खोलीच्या उंचीच्या सुमारे दोन ते अडीच पट अंतरापर्यंतच आत शिरतो, आरपार असेल तर पाचपट. मधल्या लांब व्हरांड्याच्या दोन्ही बाजूंना घरे काढली की जागा वाचल्यासारखी दिसते, पण निम्म्या घरांचा वारा कायमचा बंद होतो आणि पुढे त्याची भरपाई यंत्रांना करावी लागते. इमारतीची लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडाची ठेवली तर खिडकीवरच्या साध्या आडव्या छज्जाने उन्हाळ्यातले ऊन अडते. पश्चिमेच्या उतरत्या उन्हाला छज्जा पुरत नाही, तिथे उभी पट्टी किंवा सरकत्या झडपा लागतात.

पार्किंग: सगळ्यात महाग चूक

नमुन्यातल्या घरांना रात्री ९०० गाड्यांची जागा लागते, कचेऱ्यांना दिवसा ५०० आणि दुकानांना संध्याकाळी १५०. सरळ बेरीज १,५५०. आता तासातासाचा हिशेब मांडू. सकाळी ११ वाजता घरांच्या ६० टक्के गाड्या जागेवर असतात असे धरले तर ५४०, कचेरीच्या ५०० आणि दुकानांच्या ९० मिळून १,१३०. संध्याकाळी सातला ७२०, १०० आणि १५०, म्हणजे ९७०. मध्यरात्री ९०० च्या आसपास. सर्वाधिक गरज १,१३० ची निघाली. म्हणजे ४२० जागा बांधायचीच गरज नाही.

तळघरात एका गाडीमागे उतार आणि मार्गिका धरून सुमारे ३० चौरस मीटर लागतात. ४२० जागांचे १२,६०० चौरस मीटर झाले. राफ्ट (सलग पाया), स्लॅब आणि मातीचा दाब झेलणाऱ्या भिंती धरून चौरस मीटरला ०.६ घनमीटर काँक्रीट मानले आणि घनमीटरला ३०० किलो कार्बन डायऑक्साइड, तर साधारण २,२७० टन उत्सर्जन टळते. तुलनेसाठी: या वसाहतीच्या अर्ध्या छतांवर २ मेगावॉट सौर संच बसवला, वर्षाला २८ लाख युनिट मिळाले आणि प्रत्येक युनिटने ग्रिडच्या विजेचे ०.६ किलो उत्सर्जन वाचवले असे धरले, तरी वर्षाची बचत १,७०० टनांच्या आत राहते. न बांधलेले तळघर या सौर संचाच्या वर्षभराच्या कामाहून मोठे ठरते, हे फार कमी आराखड्यांत कोणी मोजून पाहते.

पण एक अट आहे. जागा घरासोबत विकली आणि तिच्यावर क्रमांक रंगवला की हा हिशेब संपला. दिवसभर रिकामी राहिलेली ती जागा कचेरीतल्या माणसाला वापरता येत नाही. म्हणून विकायचा तो ‘वसाहतीत एक गाडी लावण्याचा हक्क’, विशिष्ट चौकोन नव्हे. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहराच्या वाउबान वसाहतीत, जुन्या लष्करी तळावर वसलेल्या सुमारे ५,००० लोकवस्तीत, गाडीची जागा घरापासून वेगळी काढली आहे. गाडी असणारा कडेच्या सामायिक गॅरेजमध्ये स्वतंत्र पैसे मोजून जागा घेतो, आणि गाडी नसणाऱ्यावर तो बोजा पडत नाही.

गॅरेज जमिनीवर, वसाहतीच्या कडेला, स्वतंत्र इमारत म्हणून बांधणे मला सगळ्यात शहाणपणाचे वाटते. मजले उतरते न ठेवता सपाट आणि किमान ३ मीटर उंच ठेवले तर पुढे गाड्या कमी झाल्यावर तिथे कार्यशाळा किंवा कचेरी करता येते. शिवाय सगळ्या जमिनीखाली तळघर पसरत नाही, त्यामुळे पाऊस मुरायला आणि झाडांना खरी जमीन मिळते. तळघराच्या स्लॅबवर झाड लावायचे तर निदान १ ते १.२ मीटर माती हवी, आणि भिजलेली माती चौरस मीटरला दोन टनांच्या घरात भार टाकते. हा भार स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या पहिल्या हिशेबात नसेल, तर आराखड्यात रंगवलेल्या झाडांच्या जागी शेवटी कुंड्या येतात.

एकावर एक की शेजारी शेजारी?

खाली दुकाने, मध्ये कचेऱ्या, वर घरे असे चित्र आकर्षक दिसते. पण प्रत्येक वापराला वेगळा जिना, वेगळ्या लिफ्ट, वेगळे प्रवेशद्वार लागते आणि आगीपासून वेगळे कप्पे करावे लागतात, सर्वसाधारणपणे दोन तासांच्या आगीला टिकणारे. कचेरीला १८ मीटर किंवा जास्त खोल मजला सोयीचा असतो, घराला १२ ते १४. एकावर एक ठेवले की दोघांपैकी एकाचे नुकसान ठरलेले. म्हणून तळमजल्यावर दुकाने आणि वर घरे एवढेच उभे मिश्रण ठेवावे. कचेऱ्या शेजारच्या इमारतीत असाव्यात. त्या मुख्य रस्त्याच्या किंवा रेल्वेच्या बाजूला ठेवल्या तर घरांसाठी आवाजाची भिंतही होतात.

कॉलमचे जाळे हा दुसरा सांधा. अडीच मीटरच्या तीन गाड्या दोन कॉलमच्या मध्ये बसवायला साडेसात मीटर मोकळे लागतात, कॉलम धरून अंतर ८.१ ते ८.४ मीटर होते. त्याचे अर्धे केले तर ४.०५ ते ४.२ मीटर, म्हणजे बैठकीच्या खोलीचे सोयीचे माप. हे जुळवून घेतले तर कॉलम वरपासून खालपर्यंत सरळ येतात. घरांचा आराखडा आधी, पार्किंगचा नंतर आणि दुकानांचा शेवटी असे काम झाले, तर वरचे कॉलम मधल्या एका मजल्यावर तोलावे लागतात. तिथे दीड ते दोन मीटर खोल बीम येतात, ढीगभर लोखंड आणि सिमेंट जाते, आणि त्या मजल्यावर पाइप फिरवताना नाकी नऊ येतात.

दुकानांच्या तळमजल्याची उंची स्लॅबपासून स्लॅबपर्यंत साडेचार मीटर ठेवावी. वरच्या घरांच्या न्हाणीघरांचे पाइप तिथे छताखालून वळतात, आणि उद्या दुकानाचा दवाखाना झाला तरी अडचण येत नाही. खाद्यपदार्थांचे काही गाळे तरी असणारच. त्यांच्या स्वयंपाकाचा धूर वरच्या घरांच्या खिडक्यांपाशी सोडता येत नाही, म्हणून अशा प्रत्येक गाळ्यासाठी साधारण ६०० बाय ६०० मिलिमीटरचा शाफ्ट थेट छतापर्यंत पहिल्या दिवसापासून बांधून ठेवावा. सांडपाण्याच्या वाटेवर तेल-तूप अडवणारा सापळाही हवा, नाहीतर ते पुढच्या पाइपांत थिजते. व्यायामशाळा घराखाली देऊ नये. जड वजन जमिनीवर आपटल्याचा धक्का कितीही जाड स्लॅबमधून वर पोचतो. ती कचेरीच्या इमारतीत शोभते.

दुकाने किती आणि कुठे, हे तर आराखड्याचे मर्म आहे. ६,००० चौरस मीटर दुकानांची खोली १२ मीटर धरली तर दर्शनी लांबी ५०० मीटर होते. म्हणजे एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना २५० मीटर. एवढीच. ही सगळी दुकाने एकाच रस्त्यावर, बसथांबा, शाळा आणि कचेऱ्या यांना जोडणाऱ्या चालण्याच्या वाटेवर ठेवावीत. ‘प्रत्येक इमारतीखाली दुकाने’ असा नियम लावला की गिऱ्हाईक पांगते आणि निम्मे गाळे बंद राहतात. बंद शटरांचा रस्ता संध्याकाळी निर्मनुष्य होतो आणि मग कोणी तिथून चालत नाही. दुकानांचे क्षेत्र ठरवताना वसाहतीतल्या कुटुंबांचा रोजच्या गरजांवरचा खर्च, त्यातला इथेच होऊ शकेल असा हिस्सा, आणि दुकान तगायला प्रत्येक चौरस मीटरमागे लागणारी विक्री, या तीन गोष्टी मांडाव्यात. कमी दुकानांनी सुरुवात करून कडेच्या काही घरांचे तळमजले पुढे दुकानात बदलता येतील असे उंच ठेवणे हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग.

रस्त्यांच्या जाळ्याबद्दल थोडक्यात: चौक ८० ते १२० मीटरवर यावेत, म्हणजे पायी जाणाऱ्याला वळसा पडत नाही. नगररचनाकार इल्देफोन्स सेर्दा यांनी १८५९ च्या बार्सिलोनाच्या आराखड्यात सुमारे ११३ मीटरचे ठोकळे आणि साधारण २० मीटरचे रस्ते आखले, आणि ते जाळे घोडागाड्यांपासून आजपर्यंत उपयोगी पडले आहे. बसथांबा कोणत्याही दारापासून ४०० मीटरच्या आत, म्हणजे पाच मिनिटांच्या चालीवर असावा.

पाणी: येणारे, जाणारे, पडणारे

माणशी रोज १३५ लिटर धरले तर घरांना ६ लाख ७५ हजार लिटर लागते. त्यातले सुमारे ८० टक्के, ५ लाख ४० हजार लिटर, सांडपाणी होऊन परत येते. कचेऱ्यांचे ७० हजार मिळवले की ६ लाख १० हजार. प्रक्रिया केलेले हे पाणी कुठे वापरायचे? घरांच्या फ्लशला माणशी ४० लिटर म्हणजे २ लाख, कचेऱ्यांच्या फ्लशला ४० हजार, दोन हेक्टर हिरवळीला कोरड्या दिवसांत ८० हजार. एकूण ३ लाख २० हजार. निम्म्याच्या जवळपास पाणी उरते! पावसाळ्यात तर बागेचीही गरज नसते. ‘एक थेंबही बाहेर जाणार नाही’ असे कागदावर लिहिले की हे उरलेले पाणी बागांवर ओतले जाते, माती चिखल होते आणि झाडांची मुळे कुजतात. त्याऐवजी कचेऱ्यांच्या कूलिंग टॉवरला उन्हाळ्यात रोज ४० ते ५० हजार लिटर द्यावे, पुढच्या टप्प्याच्या बांधकामाला काही द्यावे, आणि बाकीचे शुद्ध करून बाहेर सोडण्याची अधिकृत सोय आराखड्यातच दाखवावी.

फ्लशच्या पाण्याची नळवाहिनी पूर्ण वेगळी आणि वेगळ्या रंगाची असावी. पिण्याच्या वाहिनीशी तिचा एकही जोड असता कामा नये, ‘अडीअडचणीसाठी’ ठेवलेला व्हॉल्व्हसुद्धा नको. सांडपाणी केंद्र एकाच मोठ्या टाकीचे बांधणे ही नेहमीची चूक. घाण खाणारे जिवाणू जगायला रोज पुरेसे सांडपाणी लागते. ५,००० माणसांसाठी बांधलेल्या टाकीत पहिल्या वर्षी ५०० माणसांचे पाणी आले तर जिवाणू उपाशी मरतात, केंद्राला वास येतो आणि रहिवासी फ्लशला ते पाणी नाकारतात. एकदा गेलेला विश्वास परत आणणे फार कठीण. दोन लाख लिटरहून थोडे मोठे असे तीन स्वतंत्र भाग करावेत आणि वस्ती वाढेल तसा एकेक सुरू करावा.

आता पाऊस. तासाभरात ५० मिलिमीटर पडला तर १० हेक्टरवर ५,००० घनमीटर पाणी येते. मोकळ्या जमिनीवरून त्यातले चौथाई, १,२५० घनमीटर वाहून गेले असते. बांधकामानंतर ७० टक्के, म्हणजे ३,५०० वाहते. मधला फरक, २,२५० घनमीटर, वसाहतीतच थोपवायचा आहे. त्यासाठी महागड्या टाक्यांची गरज नाही. दोन हेक्टर हिरवी जागा आजूबाजूच्या फरसबंदीपेक्षा ७५ मिलिमीटर खाली ठेवली की १,५०० घनमीटर तिथेच थांबते. उरलेले ७५० पाणी झिरपणाऱ्या फरसबंदीखालच्या खडीत मावते: खडीतली पोकळी ३५ टक्के धरली तर ३०० मिलिमीटर जाडीचा थर सुमारे ७,२०० चौरस मीटरवर लागतो.

इथे बिघडते ते अगदी साध्या गोष्टींनी. हिरवळ रस्त्यापेक्षा उंच करून भोवती सलग कठडा घातला की पाणी आत जातच नाही. झिरपणारी फरसबंदी बांधकाम चालू असताना घातली तर ट्रकच्या चाकांची माती आणि सिमेंटचे पाणी तिची छिद्रे काही महिन्यांत बुजवतात. ती सगळ्यात शेवटी घालावी आणि वर्षातून एक-दोनदा यंत्राने शोषून स्वच्छ करावी.

सिमेंट

काँक्रीटमधले बहुतेक उत्सर्जन सिमेंटचे असते. लोखंडाच्या भट्टीची मळी (स्लॅग) किंवा कोळशाची राख मिसळून सिमेंट निम्म्यापर्यंत कमी करता येते, पण असे काँक्रीट सावकाश ताकद धरते. पायावर पूर्ण भार यायला तसेही महिने लागतात, म्हणून तिथल्या काँक्रीटची ताकद २८ ऐवजी ५६ दिवसांनी तपासायचे करारातच लिहावे. स्लॅबचे फर्मे मात्र लवकर काढायचे असतात, तिथे मिश्रण वेगळे ठेवावे. सगळीकडे एकच मिश्रण लिहिले तर ठेकेदार वेळ वाचवायला सिमेंट वाढवतो.

टप्पे आणि मालकी

एवढी वसाहत पूर्ण व्हायला दहा ते पंधरा वर्षे सहज जातात. पहिल्या टप्प्यात फक्त घरे बांधली आणि दुकाने, पाळणाघर, बस ‘पुढच्या टप्प्यात’ टाकली, तर पहिले ४०० रहिवासी आल्या आल्या गाडी घेतात. घेतलेली गाडी नंतर बस आली म्हणून कोणी विकत नाही. स्वीडनमधल्या स्टॉकहोमच्या हामारबी श्योस्टाड वसाहतीत ट्राम २००२ मध्ये, वस्ती अजून भरत असतानाच धावू लागली. प्रत्येक टप्पा असा आखावा की पुढचे काम थांबले तरी तो स्वतःच्या बळावर चालेल. मुख्य रस्त्याचा एक पूर्ण तुकडा दोन्ही बाजूंनी बांधावा, एका बाजूने लांबलचक नव्हे.

त्याच हामारबीत ऊर्जेचे लक्ष्य चौरस मीटरला वर्षाला ६० युनिट ठेवले होते, पण प्रत्यक्ष वापर त्याहून बराच जास्त निघाला. मोठ्या काचांतून उष्णता निघून जाणे हे त्याचे एक कारण. लक्ष्य भूखंड विकतानाच्या अटीत नसेल आणि ताबा दिल्यावर मोजले जाणार नसेल, तर ते पाळले जात नाही.

लंडनच्या दक्षिणेकडच्या बेडझेडचा धडा याहून मोठा आहे. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या या ८२ घरांच्या वसाहतीत लाकडाच्या तुकड्यांवर चालणारे वीज आणि उष्णतेचे यंत्र होते. ते २००५ मध्ये बंद पडले आणि त्याच्या जागी गॅसचे बॉयलर आले. वनस्पतींच्या मदतीने सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणाही टिकली नाही. जाड भिंती, चांगली उष्णतारोधक वेष्टने, दक्षिणेकडची काच मात्र आजही आपले काम करतात. ज्याला रोज चालवणारा माणूस लागतो असे यंत्र घेण्याआधी तो माणूस कोण, त्याचा पगार कुठून येणार आणि सुटा भाग कोण पुरवणार, एवढे लिहून ठेवावे. उत्तर नसेल तर ते पैसे भिंती, खिडक्या आणि छज्जांत घालावेत.

शेवटी पैशाची वाटणी. अमेरिकेतल्या सेंट लुइसची प्रुइट-आयगो वसाहत, अकरा मजली ३३ इमारतींची, १९७२ पासून पाडायला घ्यावी लागली. कारणे अनेक होती, पण त्यातले एक अगदी हिशेबाचे: देखभाल भाड्यातून व्हायची, घरे रिकामी होऊ लागली, भाडे आटले, देखभाल थांबली आणि मग उरलेलेही निघून गेले. मिश्र वसाहतीत यात आणखी गुंता असतो, कारण घरमालक, गाळेधारक आणि कचेरीमालक यांना एकच पंप, एकच गॅरेज, एकच सांडपाणी केंद्र वापरायचे असते. म्हणून पाणी, वीज, शीतकरण या प्रत्येकाला वापरनिहाय वेगळे मीटर, तिन्ही गटांचे वेगळे खाते आणि सामायिक यंत्रणेसाठी चौथे खाते, हे खरेदीखताला जोडावे. सिंकिंग फंड, म्हणजे मोठे भाग बदलण्यासाठी साठवायचा निधी, ठरवताना भागांचे आयुष्य धरावे: पंप आणि सौर इन्व्हर्टर १० ते १२ वर्षे, वॉटरप्रूफिंग १५ ते २०, लिफ्ट २० ते २५. प्रत्येकाची बदलण्याची किंमत त्याच्या वर्षांनी भागून येणारी रक्कम पहिल्या वर्षापासून बाजूला पडली पाहिजे.

ताबा दिल्यानंतर दोन वर्षे आराखडा करणाऱ्यांनी दर महिन्याला मीटर वाचावेत आणि आकडे रहिवाशांना दाखवावेत. पार्किंग दर तासाला किती भरते, फ्लशला किती पाणी जाते, रात्री तीन वाजता सामायिक वीज किती लागते. हा शेवटचा आकडा फार बोलका असतो. त्या वेळी जवळपास कोणीच काही वापरत नसते, म्हणून जे काही चालू दिसते त्यातले बरेच विनाकारण चालू असते: गॅरेजचे पंखे, अडकलेला टायमर, गळक्या टाकीला पुन्हा पुन्हा भरणारा पंप.